सोसायटीच्या झाडांना औषधोपचार: पैसे घालायचे की नाही, हे कसं ठरवावं

नाशिकमध्ये झाडाला औषध मारायचं का, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. कुठलं मारायचं, एवढंच विचारतात. सोसायटीतल्या निम्म्या घरांचं गाव निफाड, दिंडोरी नाहीतर पिंपळगाव बसवंत. गावाकडे द्राक्षाचा प्लॉट, ट्रॅक्टरला ब्लोअर, आणि डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) दिसायच्या आधीच फवारणी घ्यायची हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे गेटजवळच्या सातवीणीच्या पानांवर गाठी दिसल्या की मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतोच, "भाऊ, एक स्प्रे घेऊन टाका ना."

इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी नवा होतो तेव्हा आम्ही तो स्प्रे घेतला. वर्षभराचं पॅकेज, चार फवारण्या, बावीस हजार रुपये. औषधवाल्याने मोबाईलवर गाठींचे मोठे करून दाखवलेले फोटो बघून सगळे हबकले होते. पहिल्या फवारणीनंतर आलेल्या नव्या पालवीला पुन्हा गाठी. तिसरी फवारणी दिवाळीच्या आसपास झाली, सातवीण ऐन फुलावर असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली मधमाश्यांचा सडा. वॉचमनने त्या सुपलीत भरून मला आणून दाखवल्या. काही अजून पाय हलवत होत्या. चौथी फवारणी आम्ही घेतली नाही, पण पैसे आगाऊ दिलेले होते, ते गेलेच.

नंतर कळलं ते असं. त्या गाठी सायला जातीच्या इवल्याशा कीटकामुळे होतात. पिल्लू गाठीच्या आत बंद असतं, वरून मारलेलं औषध त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि मुख्य म्हणजे एवढ्याने मोठी सातवीण मरत नाही. उंबराच्या पानांवरही तसल्याच गाठी येतात, तिथे मात्र त्या कुणाला खुपत नाहीत. दत्ताचं झाड म्हणून असेल.

द्राक्षात मणी विकायचा असतो, त्यावर डाग पडला की भाव पडतो, म्हणून तिथे फवारणीचा हिशोब बसतो. सावलीच्या झाडाचं पान आपण विकत नाही. मोठ्या झाडाची बरीच पानं किडीने खाल्ली तरी ते पुढच्या पालवीला भरून काढतं. हा फरक एकदा डोक्यात बसला की खालच्या पायऱ्या सोप्या जातात. कमिटीत नव्याने आलेल्यांसाठी आणि "झाडांचं तुम्हीच बघा" असं म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडतं त्यांच्यासाठी त्या लिहितो आहे.

पहिली पायरी: झाड कुणाचं आहे ते बघा

कंपाउंडच्या आतलं झाड सोसायटीचं. अपार्टमेंट असेल तर सगळ्या सदनिकाधारकांचं मिळून. बंगले आणि रो-हाउसच्या कॉलनीत घोळ होतो. लेआउटमधली जी ओपन स्पेस असते ती बहुतेक वेळा महापालिकेकडे गेलेली असते, आणि रस्त्याकडेचं झाड तुमच्या फाटकासमोर असलं तरी तुमचं नाही. त्यावर खर्च करण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवा. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड यांपैकी ज्या विभागात तुम्ही राहता, त्या विभागीय कार्यालयात अर्ज देता येतो.

आपल्या मालकीचं झाड असलं तरी हात मोकळे नसतात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 या कायद्यात "झाड तोडणे" याचा अर्थ नुसतं बुंध्यातून कापणं असा नाही. जाळणं आणि झाडाला इजा करणंही त्यात येतं. त्यामुळे मोठ्या फांद्या छाटायच्या तरी आधी परवानगी घ्या. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणतात आणि त्याचे नियम आणखी कडक आहेत. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं काढण्यावरून जे रान उठलं, त्यानंतर शहरात झाडाला करवत लागली की लोक लगेच मोबाईल काढतात. परवानगीचा कागद गेटवर चिकटवून ठेवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

दुसरी पायरी: वही करा

शंभर पानी वही पुरते. प्रत्येक झाडाला नंबर, जात, छातीच्या उंचीवरचा घेर, आणि ठरलेल्या एकाच जागेवरून काढलेला फोटो. एक रविवार सकाळ जाते. आमच्याकडे एकोणतीस झाडं निघाली आणि त्यातली नऊ अशोकाची. म्हणजे आपण अशोक म्हणतो तो उंच, भाल्यासारखा, ज्याचं फूल कुणाच्या लक्षातही येत नाही.

या वहीचा मोठा फायदा असा की "सगळ्या झाडांना ट्रीटमेंट" ही भाषा बंद होते. कुठल्या झाडाला, कशासाठी, असं विचारता येतं. पॅकेज विकणाऱ्याला नेमका हाच प्रश्न नको असतो.

तिसरी पायरी: झाड आजारी आहे, की आपल्याला त्याचा त्रास होतोय?

इथे घाई करू नका, खरा निर्णय इथेच होतो. सोसायटीत येणाऱ्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्यातल्या बऱ्याचशा झाडाच्या नसतात, माणसांच्या असतात. गाडीवर चिकटा पडतो. फुलांच्या वासाने डोकं दुखतं. पानांचा कचरा होतो. शेंगा पडतात. यातल्या कशानेही झाड मरत नाही. चिकट्यावर उपाय म्हणजे गाडी दुसरीकडे लावणं, हे मीटिंगमध्ये म्हणून बघा. मी म्हणालो होतो, दोन महिने एक काका बोलत नव्हते.

दिसायला भयंकर पण झाडाला सोसवणाऱ्या गोष्टी ओळखायला शिका. पावसाळ्यात चाफ्याच्या पानांखाली नारिंगी पूड दिसते, तो तांबेरा. पानं लवकर गळतात, पण चाफा तसाही हिवाळ्यात उघडा होतोच. पडलेली पानं गोळा करून टाकली की पुरे. आंब्याच्या पानांवर काजळी दिसते, ती तुडतुड्यांच्या नाहीतर मिलीबगच्या चिकट्यावर वाढलेली बुरशी. पान पुसलं तर निघते. खोडावर वाळवीचे मातीचे पापुद्रे दिसले की "वाळवी लागली, झाड संपलं" असा ओरडा होतो. पण ती वाळवी बहुतेक वेळा वरची मेलेली साल खात असते. काथ्याच्या ब्रशने पापुद्रे झाडून काढा आणि पंधरा दिवसांनी बघा. खाली साल टणक असेल तर काम झालं. साल भुसभुशीत लागली आणि आत लाकूड कुजलेलं असेल, तर वाळवी ही नंतर आलेली पाहुणी आहे, मूळ आजार वेगळा आहे.

आता खऱ्या धोक्याच्या खुणा. शेंड्याकडून फांद्या वाळत खाली येणं. हंगाम नसताना एकाच बाजूची पानं झडणं. खोडाला भोक, त्यातून भुसा किंवा तपकिरी पाणी. बुंध्याशी जमीन उचलल्यासारखी दिसणं, एका बाजूला भेग. आणि सगळ्यात वाईट, पावसाळ्यात बुंध्याजवळ उगवणारी कडक, थाळीसारखी बुरशी, वरून तपकिरी आणि कडेला पांढरी. ती बहुधा गॅनोडर्मा असते. बाहेर थाळी दिसते तेव्हा आत मुळं आणि बुंधा कुजायला बराच काळ लोटलेला असतो. हे कुजणं परत फिरवणारं औषध नाही, कुणी कितीही महागाचं इंजेक्शन दाखवलं तरी.

आमच्या मागच्या बाजूच्या गुलमोहराला ती थाळी आली होती. मी आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त फिटर काका लाकडी हातोडी घेऊन गेलो. छातीच्या उंचीवर ठोकलं तर टण्ण, भरीव. खाली सरकत गेलो. गुडघ्याच्या खाली आवाज बदलला, बद्द, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. काकांनी लांब स्क्रूड्रायव्हर मुळाच्या बेचक्यात दाबला, तो मुठीपर्यंत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला, तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा भुगा. वर झाड हिरवंगार होतं, मे महिन्यात लालभडक फुललेलंही होतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. वळवाच्या वाऱ्यात आडवा पडणाऱ्या झाडांत तो असतोच. त्याच्यासाठी "रूट ट्रीटमेंट"चं दरपत्रक आमच्याकडे आलेलं होतं. आम्ही उद्यान विभागाकडे अर्ज दिला, निरीक्षक येऊन बघून गेले, झाडावर नोटीस लागली, परवानगी आली आणि झाड उतरवलं. बुंध्यात ढोली होती, त्यात एक अख्खा माठ बसला असता.

चौथी पायरी: औषधाआधी पायाखाली बघा

सोसायटीतल्या झाडाचा सगळ्यात मोठा आजार म्हणजे पेव्हर ब्लॉक. खोडाला चिकटून ब्लॉक, वर गाड्या, खाली बिल्डरने भरलेला मुरूम आणि डबर. झाडाची अन्न घेणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात. त्यांना हवा आणि पाणी मिळालं नाही की झाड अशक्त होतं आणि मग किडी येतात. आपण किडींवर फवारतो. 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे तेवढं स्वतःहून करायला कुणाची हरकत नसावी.

गवंडी आणि एक मजूर लावा, खोडाभोवती निदान तीन फूट ब्लॉक उचला, आळं करा. कुदळ हलक्या हाताने, मुळं तोडायची नाहीत. आळ्यात सोसायटीचाच पालापाचोळा भरा, खोडाला टेकवू नका, चार बोटं अंतर सोडा. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा पाइप बारीक सोडून भरपूर पाणी द्या. खोडात रुतलेली लोखंडी जाळी, दिवाळीच्या माळांच्या तारा, जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे काढा. गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे असतील तर मारा, दिसायला छान दिसतात.

या कामाला आमच्याकडे एका फवारणीपेक्षा कमी पैसे लागले. वाळत चाललेल्या दोन बकुळींपैकी एक सावरली, दुसरी गेली. सगळं वाचतंच असं नाही.

पाचवी पायरी: कुठे उपचार खरंच लागू पडतो?

फवारणीवर इतकं बोललो म्हणून सगळंच थोतांड आहे असं नाही. काही ठिकाणी पैसे घालावेत.

पहिलं म्हणजे छाटणी, पण जाणकाराकडून. वाळक्या, तडकलेल्या, गच्चीवर टेकलेल्या फांद्या काढणं हा माझ्या मते सोसायटीने करावा असा सगळ्यात उपयोगी उपचार आहे. इथेही द्राक्षाची सवय आडवी येते. एप्रिलमध्ये वेलीची खरड छाटणी बघितलेल्या माणसाला वाटतं, झाडही वरून सपाट उडवलं की जोमाने फुटेल. फुटतं खरं, पण ते नवे फुटवे वरवर चिकटलेले असतात, तीन-चार वर्षांनी वजन वाढलं की वाऱ्यात सुटतात, आणि कापलेल्या तोंडातून आत कूज शिरते. नीट काम करणारा माणूस फांदी जिथून निघते तिथल्या फुगीर कड्याच्या जरा बाहेर कापतो. खुंट ठेवत नाही, खोडाला सपाटही करत नाही. जड फांदी असेल तर आधी खालून खाच घेतो, म्हणजे पडताना साल सोलली जात नाही. कापल्यावर बोर्डो पेस्ट (मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर) लावायला आंब्यासारख्या झाडाला हरकत नाही, पण चुकीच्या जागी कापलेलं पेस्टने दुरुस्त होत नाही.

पावसाळ्यात छाटणी काढायच्या आधी वर घरटी बघा, बगळ्यांची वसाहत असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. तारा जवळ असतील तर महावितरणला सांगून लाइट बंद करून घ्या.

दुसरं, खोडकिडा. आंब्याच्या खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तर थांबू नका. भोकात लवचीक तार घालून अळी टोचून काढायची, औषधात भिजवलेला कापूस कोंबायचा, चिखलाने लिंपायचं. एका झाडाला अर्धा तास. इथे कंपनीची गरज नाही, गावाकडचा कुणीही जुना माणूस करून देईल.

तिसरं, नारळ. पानं कात्रीने इंग्रजी व्ही आकारात कापल्यासारखी दिसली की गेंड्या भुंगा. खोडातून तपकिरी रस झिरपत असेल तर सोंड्या भुंगा, आणि तो जास्त वाईट, कारण शेंडा कोलमडेपर्यंत बाहेरून फार काही दिसत नाही. नारळाला शेंड्याशिवाय दुसरा कोंब नसतो, शेंडा गेला की झाड गेलं. म्हणून इथे वेळेवर उपचार म्हणजे खरंच झाड वाचवणं. वर्षातून एकदा शेंडा साफ करून घ्या, भुंगा आकड्याने काढून घ्या, पानांच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड भरून घ्या.

आणि इथेच शेजाऱ्यांचा संबंध येतो. गेंड्या भुंग्याच्या अळ्या कुजलेल्या शेणखतात आणि कंपोस्टमध्ये वाढतात. आमच्या नारळांवरचा भुंगा कुठून येतो म्हणून आम्ही शोधत होतो, आणि अळ्या सापडल्या आमच्याच कौतुकाच्या कंपोस्टच्या खड्ड्यात. पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या, अंगठ्याएवढ्या जाड. खड्डा उपसला, अळ्या वेचल्या, कोंबड्या पाळणाऱ्या शेजाऱ्याने आनंदाने नेल्या. कामगंध सापळाही (वासाने भुंग्यांना ओढून पकडणारा) एकट्याने लावू नका. गल्लीत तुमचाच एक सापळा असेल तर आजूबाजूचे भुंगेही तुमच्याकडे ओढले जातात. चार-पाच बंगल्यांनी किंवा शेजारच्या दोन सोसायट्यांनी एकदम लावले तर अर्थ आहे. नाहीतर आपण साफ करायचं आणि पलीकडच्या भिंतीवरून नवे यायचे.

सहावी पायरी: निदान दुसऱ्याकडून, औषध तिसऱ्याकडून

जो औषध विकतो त्यालाच आजार विचारू नका. खराब आणि चांगली, दोन्ही पानं असलेली ताजी फांदी कागदी पिशवीत घाला (प्लास्टिकमध्ये घामेजते), खोडाचे आणि बुंध्याचे फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा. गंगापूर धरणाच्या वाटेवर मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. आंबा, नारळ, लिंबू अशा झाडांसाठी तिथे विचारणं सगळ्यात सोपं. नाहीतर ओळखीचा कृषी पदवीधर असतोच, नाशिकमध्ये दगड मारला तर एकाला लागतो.

औषधवाल्याशी बोलताना औषधाचं नाव लेखी मागा. "इम्पोर्टेड फॉर्म्युला" हे नाव नव्हे. द्राक्षवाल्यांना लेबल क्लेम (कुठलं औषध कुठल्या पिकाला मंजूर आहे ते) शिकवावा लागत नाही, 2010 साली सीसीसी या वाढरोधकाच्या अंशांवरून युरोपात कंटेनर अडकले ते सगळ्यांना आठवतं. तोच नियम इथे लावा. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल-पिवळा असेल तर मुलं खेळतात त्या जागेत नकोच. कीडनियंत्रणाचा धंदा करायला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, त्याची प्रत मागा. माणसं मास्क, हातमोजे, गॉगल घालून येणार का, वर चढणाऱ्याला दोर आणि हेल्मेट आहे का, विमा आहे का, हेही विचारा. 2017 मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते उघड्या शेतात. आपल्याकडे खाली पार्किंगमध्ये आजी बसलेल्या असतात.

खोडात इंजेक्शन देणारे भेटले तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रत्येक भोक ही झाडाला जखम आहे. आणि औषध पानाफुलांत पोचतं, म्हणजे आंबा, जांभूळ, शेवगा, कढीपत्ता यांना ते नकोच, आणि फुलावर आलेल्या कुठल्याही झाडाला नको. मधमाश्यांचं मी वर सांगितलं आहे.

सातवी पायरी: पैशांचं गणित

पॅकेजचा एका वर्षाचा आकडा फसवा असतो. समजा एका झाडाला वर्षाला सहा हजार सांगितले. विचारा, हे एकदाच की दरवर्षी? दरवर्षी असेल तर दहा वर्षांचे साठ हजार मांडा. त्यासमोर मांडा: उपचार केला नाही तर काय होईल, आणि त्याच पैशांत काय होईल. झाड जगणारच असेल, तर उत्तर नाही. झाड जाणारच असेल, तरीही उत्तर नाही, ते पैसे सुरक्षितपणे उतरवायला आणि तिथे कडुनिंब, करंज, बकुळ लावायला वापरा. उपचाराने फरक पडणार आणि झाड तेवढ्या मोलाचं आहे, या दोन्ही गोष्टी जिथे जुळतात तिथे मात्र हात आखडता घेऊ नका. आमच्याकडे असं एक झाड आहे, पश्चिमेच्या भिंतीलगतचा आंबा. दुपारची सावली बारा घरांवर पडते. त्याच्यासाठी खोडकिड्याचा खर्च सभेत कुणी विचारलाही नाही.

कमिटीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो ते उपविधीत बघा. त्याच्या वर जात असेल तर सर्वसाधारण सभेत ठेवा, तीन दरपत्रकांसह. ठरावात झाडाचा नंबर, निदान, औषधाचं नाव आणि पुन्हा तपासायची तारीख लिहा. पैसे कामानंतर द्या. आगाऊ देऊच नका, ते आम्ही बावीस हजारांत शिकलो.

तपासणीला वर्षातून दोन फेऱ्या पुरतात. एक एप्रिलमध्ये, वळवाच्या आधी, वाळक्या फांद्यांसाठी. दुसरी ऑगस्टमध्ये, बुंध्याशी उगवणाऱ्या थाळ्यांसाठी. जुना फोटो शेजारी धरायचा आणि वहीत एक ओळ लिहायची.

आमच्या वहीत सात नंबरच्या सातवीणीसमोर गेल्या ऑगस्टची ओळ आहे: "पानांवर गाठी. औषध नाही." यंदा फिटर काकांनी तिच्याखाली वर-प्रमाणेच्या खुणा काढल्या आणि पुढच्या झाडाकडे गेले.